जुन्या गाडीचा क्लच ‘ढिला’ लागतोय? आधी फूटपट्टी आणा

आमच्या भागात घरातली पहिली कार बहुतेक जुनीच येते. कापूस विकला, सोयाबीनचे पैसे हाती आले, की कुणाची तरी मारुती ८००, ओम्नी नाही तर अल्टो दारात उभी राहते. मग महिना-पंधरा दिवसांत कुणी तरी मिस्त्री सहज म्हणून पेडल दाबून पाहतो आणि म्हणतो, “भाऊ, क्लच ढिला लागते. जरासा ताणून देतो, मंग पाहा गाडी कशी पळते.” दोन मिनिटांचं काम असतं, बऱ्याचदा तो पैसेही घेत नाही. गाडी काही दिवस छान वाटते. पुढे एखाद्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागतं, जळका वास येतो, आणि गिअरबॉक्स खाली उतरवायची वेळ येते.

पेडल दाबायला लागल्यावर सुरुवातीला जो रिकामा भाग लागतो, तो गाडी बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला नुसतं ‘प्ले’ म्हणतात, गाडीच्या पुस्तकात फ्री प्ले. तो किती असावा, कसा मोजावा आणि कधी हात लावू नये, एवढंच इथे सांगतो. नुकतीच गाडी घेतलेल्यांनी पाना उचलायच्या आधी पहिले चार टप्पे तरी वाचावेत.

१. आत काय होतं ते समजून घ्या

इंजिनच्या मागे फ्लायव्हील, म्हणजे एक जड लोखंडी चाक, फिरत असतं. त्याला लागून क्लच प्लेट आणि तिच्यावर प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटमध्ये एक गोल, ताटलीसारखी स्प्रिंग असते. तिची बोटं मध्यभागी येतात. पेडल वर असतं तेव्हा ही स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते आणि इंजिनची ताकद चाकापर्यंत जाते. पेडल दाबलं की वायर ओढली जाते, फोर्क (दांडीसारखा काटा) हलतो, रिलीज बेअरिंग पुढे सरकून त्या बोटांवर दाब देतं आणि प्लेट मोकळी होते.

पेडल वर असताना बेअरिंग आणि बोटं यांच्यात थोडीशी फट लागते, एक-दोन मिलिमीटरची. हीच क्लचची क्लिअरन्स. पेडल आणि फोर्क या दोन दांड्यांमुळे हीच फट पायाखाली कितीतरी मोठी होऊन येते. म्हणून आत दोन मिलिमीटर असलेली गोष्ट पेडलवर वीसेक मिलिमीटर भरते.

ही फट संपली तर बेअरिंग बोटांना सतत टेकून राहतं. म्हणजे तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडासा दाबलेलाच. बैलाचा कासरा सतत ओढून धरला तर तो बंडी कशी ओढेल? तसं प्लेटचं होतं. ती पूर्ण पकडत नाही, भार आला की घसरते, तापते, जळते. बेअरिंगही विनाकारण दिवसभर दाबाखाली फिरत राहतं.

आता सगळ्यांचा गोंधळ उडवणारी गोष्ट. बऱ्याच जणांना वाटतं की प्लेट झिजली की पेडल ढिलं होतं. वायरच्या क्लचमध्ये होतं उलटं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या जवळ सरकते आणि स्प्रिंगची बोटं मागे, बेअरिंगकडे येतात. फट खाल्ली जाते. म्हणजे प्लेट झिजते तसा प्ले कमी होत जातो, आणि तो परत मिळवायला वायर सैल करावी लागते. वायर स्वतः लांबली किंवा तिचं कव्हर दबलं तर मात्र प्ले वाढतो. दोन कारणं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, म्हणून पायाच्या अंदाजावर जाऊ नका.

आणखी एक गल्लत: ‘क्लच वर धरतो’ आणि ‘प्ले कमी आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेडल सोडताना गाडी जिथून ओढ घेते ती पकड. पेडल दाबताना जिथून खरं वजन लागतं तिथे प्ले संपतो. दोन्हींचा संबंध आहे, पण मोजायचा तो प्ले.

२. गाडी वायरची की हायड्रोलिक, ते ओळखा

हे न ओळखता पुढे गेलात तर सगळं मुसळ केरात. बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या पायांसमोरच्या पत्र्यातून काळ्या कव्हरमधली जाड वायर निघून गिअरबॉक्सवरच्या दांडीला जात असेल आणि तिच्या टोकाला आटे नि नट दिसत असेल, तर गाडी वायरची. मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो, जुनी वॅगन-आर या सगळ्या वायरच्या.

वायरऐवजी बारीक पाइप जात असेल आणि फ्लुइडची छोटी टाकी असेल (किंवा ब्रेकच्याच टाकीतून एक नळी निघत असेल), तर हायड्रोलिक, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणारी. त्यात तिसरा ते सहावा टप्पा बहुतांश गैरलागू आहे. थेट आठव्यावर जा.

काही गाड्यांत वायर असूनही ती स्वतःच आपला ताण जुळवून घेते. टोकाला फिरवण्याजोगा नट नसेल तर जबरदस्तीने काही फिरवू नका.

३. सामान आणि कागद

• गाडीचं पुस्तक. जुन्या गाडीबरोबर ते क्वचितच येतं, पण त्याच मॉडेलवाल्या ओळखीच्याकडे मिळतं. पान नुसतं मोबाइलवर फोटो काढून ठेवलं तरी चालेल.
• आधीच्या मालकाकडची क्लचच्या कामाची बिलं. प्लेट किती किलोमीटरवर बदलली हे त्यावरून कळतं. गाडी घेतानाच मागा, नंतर कुणी शोधून देत नाही.
• स्टीलची फूटपट्टी. सुताराचा टेपही चालतो, पण तो वाकतो.
• दोन पाने. बहुतेक १० किंवा १२ नंबरचे लागतात. आपल्या गाडीचा नट पाहून घ्या.
• पक्कड, टॉर्च, गंज सोडवायचं तेल, जुनं फडकं, खडू.
• चाकाखाली लावायला दोन चांगले गोटे किंवा विटा.

जॅक या यादीत मुद्दामच नाही. नट वरून किंवा बाजूने हाताला येत नसेल तर गॅरेजच्या रॅम्पवर न्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, आणि आपल्या काळ्या मातीवर तर मुळीच नाही. वरून कोरडी दिसणारी जमीन जॅकखाली कधी दबेल सांगता येत नाही.

४. प्ले मोजा

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चाकाखाली गोटे. इंजिन थंड झालेलं असावं. मे महिन्यात दुपारी करायचं काम नाही हे. सकाळी उजाडल्यावर करा.

पहिलं काम म्हणजे मॅट काढा. हसू नका. बाजारातून आणलेली जाड रबरी मॅट, तिच्यावर आणखी एक गालिचा, त्यावर चिखल, असे थर पेडलखाली साचलेले असतात. पेडल तळापर्यंत जातच नाही आणि माणूस क्लच दुरुस्त करत बसतो. पेडल पूर्ण दाबल्याशिवाय सुरूच न होणाऱ्या नव्या गाड्यांत तर याच मॅटमुळे ‘गाडी सुरू होत नाही’ म्हणून टोचन लावल्याचे किस्से आहेत.

आता पट्टीचं एक टोक पेडलच्या मागच्या पत्र्यावर उभं टेकवा आणि पेडलच्या रबरी भागापर्यंतचा आकडा पाहा. मग पेडल हाताने दाबा, पायाने नाही. दोन बोटं पुरतात. सुरुवातीला पेडल अगदी हलकं जाईल, फक्त परत खेचणाऱ्या स्प्रिंगचा किरकोळ जोर लागेल. मग एका जागी बोटांना स्पष्ट अडेल आणि वजन एकदम वाढेल. तिथेच थांबा, पुन्हा आकडा वाचा. दोन्हींतला फरक म्हणजे प्ले.

तीन-चार वेळा मोजा. पायाला हा बदल नीट कळत नाही, कारण पायात जोर फार. बोटाला कळतो. शंका आली तर गिअरबॉक्सवरची दांडी हाताने हलवून पाहा: तिच्या टोकालाही थोडा मोकळेपणा लागला पाहिजे, साधारण दोन-चार मिलिमीटर.

५. आकडा वाचा

वायरच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत प्ले १५ ते २५ मिलिमीटरच्या आसपास असतो. पुस्तकात जे माप असेल ते शेवटचं. शेजाऱ्याच्या गाडीचं माप आपल्या गाडीला लावू नका.

माप बसत असेल तर काही करू नका. पेडल कसंही वाटो, पाना ठेवून द्या.

प्ले कमी किंवा शून्य असेल तर ही लक्षणं जोडीने दिसतात: वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की आवाज वाढतो पण वेग त्या मानाने वाढत नाही, भरलेली गाडी चढावर मरते, ब्रेकपेक्षा वेगळा, जळलेल्या कागदासारखा वास येतो, गाडी पेट्रोल जास्त खाते.

प्ले जास्त असेल तर पेडल तळाला गेलं तरी प्लेट पुरती सुटत नाही. रिव्हर्स टाकताना ‘खर्रर्र’ होतं, पहिला गिअर अडतो, आणि क्लच दाबून सिग्नलला उभं असताना गाडी पुढे सरकू पाहते. हे नुकसान गिअरबॉक्सचं, आणि गिअरबॉक्स प्लेटपेक्षा महाग.

आवाजाचीही एक खूण आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवा. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलट पेडल वर असताना आवाज येतो आणि दाबलं की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगकडे पाहायला लावा. या दोन्हींवर प्ले सेट करणं हा उपाय नाही.

६. वायर सेट करा

आधी वायर तपासा. पेडलला जिथे ती अडकते तिथे टॉर्च मारून पाहा. एखादा जरी तार तुटून काटा बाहेर आला असेल तर सेटिंग सोडा आणि वायरच बदला. वायर बदलणं स्वस्त आहे. तिने शेतातून येताना पांदणीत दगा देणं महाग. दूर राहणाऱ्यांनी नवी वायर डिक्कीत ठेवलेली बरी. पेडल जड जातंय, अडकत अडकत येतंय, हीसुद्धा बहुतेक वायरचीच तक्रार असते.

वायर ठीक असेल तर:

क) गिअरबॉक्सकडच्या टोकाचे आटे फडक्याने पुसा, गंज सोडवायचं तेल मारा आणि चहा पिऊन या. पावसाळ्यात तिथे चिखल वाळून सिमेंट झालेलं असतं.

ख) नट सध्या कुठे आहे ती जागा खडूने खूण करा. बिघडलं तर परत यायला वाट हवी.

ग) दोन नट असतील तर मागचा लॉक नट आधी सैल करा. वायरचं टोक पक्कडीने धरून ठेवा आणि मगच नट फिरवा. टोक नटाबरोबर फिरलं तर आतली तार पिळली जाते, आणि पिळलेली वायर लवकर तुटते.

घ) नट आट्यांवर आत गेला की वायर ताणली जाते आणि प्ले कमी होतो. बाहेर काढला की प्ले वाढतो. एका वेळी एकच फेरा. मग पेडल पायाने आठ-दहा वेळा पूर्ण दाबून सोडा, म्हणजे वायर बसते, आणि पुन्हा पट्टीने मोजा. हा ‘दाबून सोडा’चा भाग सगळे गाळतात आणि दुसऱ्या दिवशी माप बदललं म्हणून चकित होतात.

ङ) मापात आला की लॉक नट कसा आणि शेवटचं एकदा मोजा.

नट आट्यांच्या बाहेरच्या टोकाला येऊन पोचलाय, तरी प्ले मिळत नाही, अशी वेळ आली तर प्लेट संपत आली समजा (किंवा वायर चुकीच्या मापाची टाकलीय). जुनी गाडी विकत घेताना हे टोक आवर्जून बघा. विकणारा ‘क्लच नवाच आहे’ म्हणेल. नट कुठवर आलाय ते तुम्ही पाहा, बिल मागा.

७. चालवून पाहा

इंजिन सुरू, न्यूट्रल. पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. आवाज न करता पडला पाहिजे. लगेच टाकलात तर चांगल्या गाडीतही थोडं वाजू शकतं, त्यावर निकाल देऊ नका.

मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या वेगाने चालवत ॲक्सिलरेटर झटकन दाबा. आवाज आणि वेग सोबत वाढले तर पकड ठीक. आवाज आधी पळाला आणि वेग मागे राहिला तर प्लेट घसरतेय. प्ले मापात असूनही घसरत असेल तर प्लेट झिजलीय किंवा तिच्यावर तेल आलंय. मग आणखी सेट करून उपयोग नाही.

काही जण हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडतात आणि इंजिन बंद पडतं का ते पाहतात. पद्धत चुकीची नाही, पण समोर माणूस नको, आणि एकदाच करा. पाच वेळा करून पाहणारा प्लेट तपासत नाही, जाळतो.

८. हायड्रोलिकवाल्यांसाठी

यात प्लेट झिजली तरी फ्लुइड आपोआप तो फरक भरून काढतं, म्हणून महिन्याला सेटिंग नसते. कित्येक गाड्यांत बेअरिंग बोटांना हलकं टेकूनच फिरायला बनवलेलं असतं. अशा गाडीत वीस मिलिमीटर शोधत बसू नका. पेडलच्या अगदी सुरुवातीला थोडासा मोकळेपणा असतो. तो पेडलची दांडी आणि मास्टर सिलिंडरचा (पेडलकडचा, फ्लुइड ढकलणारा सिलिंडर) पिस्टन यांच्यातला. तो मात्र शून्य करायचा नाही. दांडी पिस्टनला टेकून राहिली तर फ्लुइड टाकीत परत येऊ शकत नाही, दाब आतच अडकतो आणि क्लच घसरायला लागतो. ‘पेडल वर आणून देतो’ म्हणत ही दांडी लांबवणारे भेटतात. पुस्तक दाखवल्याशिवाय हात लावू देऊ नका.

पेडल स्पंजासारखं दबतंय, दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडतो, अशी लक्षणं असतील तर ओळीत हवा आहे किंवा सिलिंडर गळतोय. टाकीची पातळी, पेडलच्या वरचा भाग आणि गिअरबॉक्सकडचा सिलिंडर कुठे ओला दिसतो का ते पाहा. फ्लुइड टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४. हे फ्लुइड हवेतली ओल शोषतं, म्हणून अर्धी उघडी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका. आतली रबरं फुगतात आणि मग ब्रेक-क्लचची टाकी एक असेल तर ब्रेकही जातात. फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

९. प्लेट बदलायचीच झाली तर

गिअरबॉक्स उतरवायची मजुरीच मोठी असते. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदम बदलून घ्या. नुसती प्लेट टाकून पैसे वाचवलेले लोक बेअरिंगसाठी पुन्हा तीच मजुरी देतात. उघडलंच आहे तर फ्लायव्हीलवर निळे डाग, चिरा आहेत का आणि इंजिनच्या मागच्या सीलमधून तेल पाझरतंय का ते स्वतः बघा. सील गळत असताना नवी प्लेट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. तेही तेलकट पाण्यात.

काढलेले जुने भाग मागून घ्या. त्यावर वाद नको म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा.

नवं बसल्यावर प्ले तुमच्यासमोर मोजायला लावा. पहिले काही शे किलोमीटर भारी ओझं, टोचन, चिखलातली ओढाताण टाळा. मग पुन्हा एकदा मोजा. नवी वायर बसायला वेळ घेते.

१०. आपल्या रस्त्यांवरच्या खोडी

प्ले मापात ठेवूनही प्लेट जाळता येते. सगळ्यात मोठी खोड म्हणजे पाय पेडलवर ठेवून चालवणं. पुढे कापसाच्या बंड्यांची रांग असते, म्हणून पाय तयारीत ठेवला जातो. तुम्ही आपल्याच पायाने ती एक-दोन मिलिमीटरची फट भरून टाकता आणि मग मिस्त्रीने ताणलेली वायर आणि तुमचा पाय यांत फरक उरत नाही. डावा पाय खाली जमिनीवर ठेवा.

दुसरी, चढावर अर्धा क्लच धरून गाडी तोलणं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना पुढची एसटी वळणावर थांबली की मागे सगळे हेच करतात. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, निघायचं तेव्हा ओढ लागल्यावर हँडब्रेक सोडा.

तिसरी, पावसाळ्यात पांदणीत चाक रुतल्यावर इंजिन भरून अर्ध्या क्लचवर झुलवत राहणं. काळ्या मातीत चाक जितकं फिरवाल तितकं खाली जातं आणि तेवढ्या वेळात प्लेट धूर सोडते. वास आला की बंद करा, वीस-पंचवीस मिनिटं थंड होऊ द्या. चाकाखाली पऱ्हाट्या, गोटे, पोतं घाला, दोन माणसं बोलवा, आणि क्लच पूर्ण सोडून हळू काढा. नाहीच निघाली तर ट्रॅक्टरवाल्याला फोन करा. तो घेईल ते पैसे प्लेटपेक्षा कमीच असतात.

पेरणीच्या आधी एकदा आणि कापूस वेचणी सुरू व्हायच्या आधी एकदा पट्टी लावून आकडा लिहून ठेवा, तारीख आणि मीटरवरचे किलोमीटर यांसकट. दोन नोंदींत प्ले झपाट्याने कमी झालेला दिसला तर हंगाम लागायच्या आत गाडी गॅरेजला लावा. एकदा वेचणी सुरू झाली की मिस्त्रीही सापडत नाही आणि गाडीशिवाय तुम्हालाही भागत नाही.